आठ महिने केगल करूनही लघवी का गळत होती? एका पोळी-भाजीवाल्या ताईंचं प्रकरण

माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ताई आल्या होत्या कंबरदुखीसाठी. वय ४३. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे साडेचारला उठून रोज अडीचशेच्या आसपास पोळ्या, दोन भाज्या, आमटी. मदतीला एक बाई आणि सासूबाई. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील मी बदलले आहेत. तपासणी, उपचार आणि माझी चूक मात्र जशी घडली तशीच लिहिते आहे.

कंबर तपासताना मी त्यांना पाठीवर झोपून एकदा खोकायला सांगितलं. त्यांनी आधी एका पायावर दुसरा पाय टाकला, टेबलाची कड धरली आणि मग अर्धवटच खोकल्या. हे मी इतक्या जणींमध्ये पाहिलंय की पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघतो. "खोकल्यावर थोडी लघवी होते का?"

त्या छताकडे बघत राहिल्या. "होते की. बाईच्या जातीला चालायचंच ते, मॅडम. दोन बाळंतपणं झाल्यावर कुणाला होत नाही?"

"कधीपासून?"

"धाकटा आता बारावीला हाय."

म्हणजे सतरा वर्षं. पुढच्या वीस मिनिटांत कंबर बाजूला राहिली. फोडणीचा ठसका लागला की हमखास थेंब जातात. कणकेची परात उचलताना जातात. विकतचे पॅड रोज परवडत नाहीत म्हणून जुन्या सुती साडीच्या घड्या, दिवसाला तीन-चार. गेल्या दोन वर्षांत आणखी एक भर पडली होती: तांदूळ धुवायला नळ सोडला की अशी घाई लागते की मोरीच्या दारापर्यंतही कधी कधी पोचत नाहीत. आणि अगदी शेवटी, चपला घालता घालता त्यांनी सांगितलं की देवघरातला दिवा त्या लावत नाहीत. घरात सांगितलंय, गुडघा दुखतो, खाली बसवत नाही. खरं कारण वेगळं. कपडे कधी ओले होतील याचा नेम नाही, तशा अंगानं देवापुढे कसं बसायचं?

केसपेपरवर ध्येयाच्या जागी आम्ही साधारण 'गळती निम्म्याने कमी' असं काहीतरी लिहितो. मी लिहिलं, 'रोज संध्याकाळी दिवा लावणे'. बाईला काय परत मिळवायचंय ते तिच्या शब्दांत लिहिलं की उपचार भरकटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आठ महिन्यांचे केगल

त्यांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. आठ महिन्यांपूर्वी भाचीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. तेव्हापासून सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, सुरू होते. शिवाय लघवी करताना मधेच धार थांबवून 'ताकद' बघायची. गळती तशीच राहिली आणि माकडहाडापाशी सारखी ओढ लागायला लागली. कंबरदुखी म्हणून त्या जे सांगत होत्या त्यातलं बरंचसं हेच होतं. "मलाच जमत नसेल. नीट करत नसणार मी," असं त्या दोनदा म्हणाल्या. रोज दोनशे वेळा न चुकता व्यायाम करणारी बाई स्वतःलाच दोष देते, हे मला फार लागलं.

पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाचा तळ. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणून बांधलेली स्नायूंची झोळीच ती. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात, आणि मूत्रमार्ग, योनी, गुदद्वार या तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. यातले बरेचसे तंतू दिवसभर मंद ताण धरून ठेवणारे असतात, थोडे झटकन आवळणारे. खोकला किंवा शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच्या क्षणभर आधी झोळी आवळून वर उचलली गेली तर मूत्रमार्ग बंद राहतो. पण लघवीला, शौचाला बसल्यावर आणि संबंधाच्या वेळी हाच स्नायू पूर्ण सैल व्हावा लागतो. म्हणजे काम दोन्हीकडचं आहे, आणि लोकांपर्यंत पोचतं ते फक्त आवळण्याचं.

ताईंचं पहिलं बाळंतपण लांबलं होतं. रात्रभर कळा, शेवटी चिमटा लावला, टाके पडले. बाळ साडेतीन किलोच्या जवळपास. त्यानंतर चाळीस दिवस शेक-शेगडी, मालिश, पोटाला घट्ट पट्टा, डिंकाचे लाडू, सगळं आईनं मनापासून केलं. कंबरेची काळजी झाली, पोटाची झाली, दुधाची झाली. तळाच्या स्नायूंबद्दल ना घरात कुणी विचारलं, ना दवाखान्यात. तिसऱ्या महिन्यात त्या पाण्याची कळशी उचलत होत्या. बद्धकोष्ठ तेव्हापासूनचं. कुंथल्याशिवाय सकाळ होत नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, साखर ठीक होती. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात जेमतेम २० मिली उरलेली दिसली, म्हणजे पिशवी नीट रिकामी होत होती. योनीची पुढची भिंत किंचित सैल होती, पहिल्या पायरीवरची. व्यायामाआधीची ही डॉक्टरांची तपासणी मी कधीच गाळत नाही. लघवीतून रक्त जात असेल, तापाबरोबर जळजळ असेल, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला असेल किंवा लघवी अडूनच राहत असेल, तर ते व्यायामाचं प्रकरण नाही. आधी डॉक्टर.

तीन दिवसांची लघवीची नोंद ठेवायला सांगितली. मापाचा प्लॅस्टिकचा मग दिला. स्वयंपाकाची माणसं मापात पक्की असतात. इतकी नेटकी वही मला फार कमी जणींनी आणून दिली आहे. दिवसातून १३ वेळा लघवी. सकाळी उठल्यावर ३५० मिली, नंतर प्रत्येक वेळी ८० ते १२०. म्हणजे मूत्राशय लहान झालेलं नव्हतं, सवय लहान झाली होती. गिऱ्हाइकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी जाऊन येऊ, कणीक मळायच्या आधी जाऊन येऊ, असं करत करत मूत्राशय अर्ध्याहून कमी भरलं की हाक मारायला शिकलं होतं. पाणी दिवसभरात एक लिटरच्या आत, चहा पाच कप. पाणी कमी प्यायलं की गळणार नाही असं बहुतेकींना वाटतं. खरं तर त्यानं लघवी दाट होते आणि घाई वाढू शकते, बद्धकोष्ठही बळावतं.

गळतीचा त्रास मोजायला एक छोटी प्रश्नावली असते, आयसीआयक्यू नावाची. शून्य ते २१ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. ताईंचे १४ झाले.

तपासणीत काय दिसलं

आतून तपासणी करण्याआधी मी प्रत्येक वेळी हाडांच्या सांगाड्यावर दाखवते की काय करणार आहे, का करणार आहे, आणि 'थांबा' म्हटलं की तत्क्षणी हात काढणार. सोबत एक बाई हवी असेल तर ती असते. अविवाहित किंवा संबंध न आलेल्या मुलींना आतून तपासायचा प्रश्नच नाही. बाहेरून बघून किंवा पोटावरून सोनोग्राफीनं पुष्कळ कळतं. नाही म्हणण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. ताई म्हणाल्या, "बघा एकदा काय ते. सतरा वर्षं कुणी बघितलं नाही."

"तुम्ही रोज करता तसा केगल करून दाखवा," मी म्हटलं. त्यांनी श्वास कोंडला, पोट फुगवलं आणि तो सगळा भाग माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. वर उचलला जायला हवा होता, तो बाहेरच्या बाजूला ढकलला गेला. कुंथताना जसा जोर लावतात तसाच. रोज दोनशे वेळा, आठ महिने, त्या ज्या झोळीला बळ द्यायचं तिलाच खाली रेटत होत्या.

बोटानं तपासल्यावर दुसरी गोष्ट कळली. ताकद ऑक्सफर्ड मापनावर पाचपैकी दोन, पकड दोन-तीन सेकंद टिकत होती. कमजोर स्नायू अपेक्षितच होता. पण सोडायला सांगितलं तर तो सुटेना. अर्धवट सैल होऊन तिथंच अडकायचा. डाव्या बाजूला बोट टेकताच त्या म्हणाल्या, "हीच. हीच ती ओढ." म्हणजे स्नायू कमजोरही होता आणि आखडलेलाही. पुष्कळांना वाटतं आखडलेला म्हणजे मजबूत. दिवसभर मूठ आवळून बसलेल्या माणसाला अचानक दोर धरायला दिला तर त्याच्या मुठीत आणखी आवळायला काही उरत नाही, तसं हे होतं.

असं फक्त त्यांचंच झालं होतं असं समजू नका. अमेरिकेत बम्प आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक साधा अभ्यास केला. ४७ स्त्रियांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग मोजून पाहिलं. साधारण निम्म्या जणींनाच तो बरोबर जमला. पाव भाग स्त्रिया असं काही करत होत्या की त्यानं गळती वाढण्याचीच भीती.

ज्यांचं नाव या व्यायामाला आहे ते अर्नोल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ मध्ये त्यांनी यावर लिहिलं. ते आधी बोटानं तपासून स्नायू ओळखायला लावायचे आणि पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजणारं उपकरण द्यायचे, म्हणजे बाईला स्वतःची पकड काट्यावर दिसे. आज त्यांचं नाव घरोघरी पोचलंय. तपासणारं बोट आणि तो काटा मागे राहून गेले. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आजही तेच सांगतात: देखरेखीखालचा व्यायाम सुरू करण्याआधी स्नायू खरंच आवळतोय का ते बोटानं तपासून घ्या, आणि मग किमान तीन महिने द्या. 'केगल करा' एवढं सांगून बाईला घरी पाठवणं म्हणजे उपचार केला असं मी मानत नाही.

आधी सोडणं

पहिले दोन आठवडे मी त्यांचे केगल पूर्ण बंद केले. त्यांना धक्काच बसला. मग मी समजावत होते की स्नायू सैल झाल्याशिवाय आवळायला जागा नाही, तोच त्या मधेच म्हणाल्या, "म्हणजे कणीक मुरू द्यायची."

अगदी तेच. मळल्या मळल्या लाटायला घेतली तर पोळी ताणत नाही, कडा फाटतात. झाकून वीस मिनिटं ठेवली की तीच कणीक ऐकते. यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. आता इतर पेशंटना मी हेच सांगते.

मुरवण्यासाठी केलेल्या गोष्टी साध्या होत्या. कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन सावकाश श्वास: आत घेताना पोट आणि बरगड्या पसरतात आणि त्याबरोबर तळ अलगद खाली उतरतो, हे लक्ष देऊन अनुभवायचं. बालासन, पाय पोटाशी घेऊन गुडघे बाजूला सोडणं. आठवड्यातून एकदा क्लिनिकमध्ये डाव्या बाजूच्या आखडलेल्या जागी बोटानं हलका दाब, श्वास सोडत एक-दीड मिनिट. घरी कमोड होता, म्हणून पायाखाली जेवणाचा पाट ठेवायला सांगितला. गुडघे कंबरेपेक्षा वर आले की आतला कोन सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. पाणी दोन लिटरच्या आसपास, चहा दोन कप. लघवी मधेच थांबवणं कायमचं बंद, त्यानं लघवी करण्याचा क्रमच बिघडू शकतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माकडहाडाची ओढ बरीच उतरली. गळती अजून तशीच होती.

तिसऱ्या आठवड्यात हातात छोटा आरसा दिला. त्यांनी आधी मान वळवली. मग बघितलं. मी सांगितलं, "चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं आवरतो तसं मागून सुरू करा, तेच पुढे लघवीच्या जागेकडे ओढत आत आणि वर. श्वास चालू. मांड्या, कुल्ले मोकळे." पहिल्या पाच-सहा प्रयत्नांत काही नाही. मग एकदा तो भाग किंचित आत ओढला गेला आणि परत खाली उतरला. "हे? एवढंसं?" त्या म्हणाल्या. हो, एवढंसंच. शंभर वेळा जोर लावून जे झालं नव्हतं ते या एवढ्याशा हालचालीत होतं.

तिथून पुढे तीन सेकंद धरायचं आणि सहा सेकंद सोडायचं. सोडण्याला दुप्पट वेळ. पाच वेळा झोपून. मग बसून, मग ओट्याशी उभं राहून. हळूहळू आठ सेकंदांची पकड आठ वेळा, दिवसातून तीनदा.

घाईसाठी वेगळी तालीम. कळ आली की पळायचं नाही. आहे तिथं उभं राहून चार-पाच वेळा झटकन आवळायचं-सोडायचं, कळ ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. नळ सुरू ठेवून ही तालीम आम्ही क्लिनिकच्या सिंकपाशी केली.

माझी चूक

सहाव्या आठवड्यात होळी आली. पुरणपोळ्यांची मोठी ऑर्डर, तीन दिवस उभं राहून काम. पुढच्या भेटीत ताई आल्या त्या रडतच. सगळं परत सुरू झालंय, घड्या परत लागतायत, पैसे वाया गेले.

वही उघडून पाहिली तर होळीच्याच नव्हे, त्याच्या आधीच्या आठवड्यातही व्यायाम निम्माच झालेला. मी त्यांना वेळा दिल्या होत्या: सकाळी सात, दुपारी बारा, रात्री नऊ. सात आणि बारा या त्यांच्या केंद्रावरच्या सर्वांत गर्दीच्या वेळा. रात्री नऊला त्या उभ्या उभ्या झोपतात. मी त्यांचा दिवस विचारलाच नव्हता. माझ्या सोयीचं वेळापत्रक छापून दिलं होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून त्यांचा दिवस कागदावर मांडला. कणीक दिवसातून दोनदा मळली जाते, दोन्ही वेळा मुरायला झाकून ठेवतात. ती वीस मिनिटं त्या नुसत्या बसत नाहीत, पण जागेवर असतात, भाजी निवडतात. पहिले दोन संच तिथं बसले. तिसरा दुपारी आडवं पडल्यावर. सिलिंडर आणि मोठी परात थोरल्यानं उचलायची, असं त्यांनी घरात पहिल्यांदाच ठणकावून सांगितलं. त्यानंतर वहीत खाडा जवळजवळ दिसला नाही.

आणि फोडणी. खोकल्याच्या क्षणभर आधी तळ आवळून धरायचा, याला इंग्रजीत 'नॅक' म्हणतात. १९९८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मिलर, अॅश्टन-मिलर आणि डीलान्सी यांनी २७ वयस्क स्त्रियांवर हे पाहिलं, आणि आठवडाभराच्या सरावानंतर खोकताना होणारी गळती बरीच कमी झालेली आढळली. ताकद वाढायला महिने लागतात, ही मात्र निव्वळ वेळ साधण्याची गोष्ट आहे. अडचण ही की ठसका सांगून येत नाही. फोडणीचा येतो! तेल तापतं, मोहरी टाकतात, ती तडतडते, मग हिंग-हळद, मग तिखट. ठसका लागतो तो तिखट पडल्यावर. ठरलं की मोहरी तडतडली की पकड घ्यायची, तिखट टाकून झारा फिरवून एक पाऊल मागं व्हायचं आणि मग सोडायची. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "आता मोहरी वाजली की आपोआप होतंय, मॅडम. आठवावं लागत नाही."

शहरांतून हल्ली कपडे न काढता बसायच्या चुंबकीय खुर्च्यांची आणि यंत्रांच्या पॅकेजची जाहिरात जोरात आहे, म्हणून ताईंच्या भाचीनं विचारलं की मशीन लावलं तर लवकर होईल का. स्नायूचं काम पडद्यावर दाखवणारं यंत्र माझ्याकडेही आहे आणि जिला आवळणं समजतच नाही तिच्यासाठी मी ते वापरते. पण ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेल्या ओपल अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, व्यायामाला असं यंत्र जोडल्यानं दोन वर्षांनी गळतीत जास्तीचा फायदा दिसला नाही. व्यायामाचा मात्र दिसतो: अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, खोकण्या-शिंकण्यानं गळणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांनी आपण बरे झालो असं सांगितलं, न करणाऱ्यांत ६ टक्क्यांनी. ताईंना मी सांगितलं, ते पैसे राहू द्या.

बारा आठवड्यांनी

लघवी दिवसातून ८ वेळा. ताकद दोनवरून चार, पकड आठ सेकंद, आणि सोडायला सांगितलं की पूर्ण सुटते. डाव्या बाजूची दुखरी जागा गेली. प्रश्नावलीचे गुण १४ वरून ५. घड्या बंद. गळती पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही: सर्दी झाली आणि लागोपाठ शिंका आल्या की एखादा थेंब जातो, आठवड्यातून एखादे वेळी. पुढे त्रास वाढलाच तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे, हेही त्यांना नीट सांगितलं. त्यांना आत्ता गरज वाटत नाही. रोजचा एक संच मात्र कायमचा चालू ठेवायचा आहे.

दिव्याचं मी विचारलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, लघवीच्या नोंदींच्या खाली, त्यांनीच तारीख घालून लिहिलं होतं: 'सांजवात लावली. शुभंकरोती म्हणून होईपर्यंत बसले.'

शेवटच्या भेटीला सासूबाई सोबत होत्या, वय ६८. मला वाटलं सुनेबरोबर आल्यात. ताईंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्यांना पण दाखवायचंय. गुडघ्याचं खोटं होतं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, माझं पण अंग बाहेर येतं, अकरा वर्षं झाली." म्हातारीनं पदर तोंडाशी धरला होता. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशय पुष्कळ खाली आलं होतं, शस्त्रक्रिया नको म्हणाल्या, म्हणून आतून आधार देणारी रिंग बसवली. आता गुरुवारी दोघी एकत्र येतात. सासूबाईंचा श्वासाचा तिसरा आठवडा चालू आहे आणि सून त्यांना बाकावर बसल्या बसल्या बजावत असते, "आत्या, सोडा. आधी सोडा."